तू बसवलेला शेवटचा पंप

दादा,

तुझ्या तेरवीला भिंतीवर तुझा फोटो नव्हता. फोटो मोठा करून आणला होता, काचही बसवली होती, पण वहिनीने तो कागदात गुंडाळलेला तसाच कपाटावर ठेवून दिला. पंगतीला बसलेले लोक रिकाम्या भिंतीकडे बघत आणि पुन्हा ताटात मान घालत. शेवटी मी स्वयंपाकघरात जाऊन तिला विचारलं. ती चुलीवरच्या भाताच्या गंजाजवळ उभी होती. हळू आवाजात म्हणाली, "कोनाचा फोटो लावू, बाई? गेले ते हे नव्हते."

ती रडली नव्हती. नागपूरच्या दवाखान्यात नाही, पवनीच्या घाटावरही नाही. बायका म्हणाल्या, धक्का बसला आहे, हळूहळू मोकळी होईल. मला मात्र तिने सगळं सांगितलं होतं. गेले दोनेक महिने तिच्या घरात जो वावरत होता तो तिचा नवरा नव्हता, असं तिचं ठाम मत होतं. तुझं अंग, तुझे कपडे, तुझा खोकला घेऊन दुसरंच कोणी येऊन राहिलं होतं. तेच गेलं. मग तू कुठे आहेस, हे तिला कोणी सांगत नव्हतं, आणि ते कळल्याशिवाय ती कोणासाठी रडणार होती?

मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं. असल्या गोष्टी मी मानत नाही, हे तुला ठाऊक आहे. पण तुझ्याशीच बोलते आहे म्हणून सांगते, मलाही भीती वाटली होती.

वहिनी म्हणते, सुरुवात तुळशीपासून झाली. अंघोळ झाली की पाणी घालून तू तुळशीला फेऱ्या मारायचास, सगळे मारतात तशाच, तुळस उजव्या हाताला ठेवून. एका सकाळी ती अंगणात मूग वाळत घालत होती. तिला दिसलं की तू तुळस डाव्या हाताला ठेवून फिरतो आहेस. तशा फेऱ्या माणूस एकाच जागी, घाटावर मारतो, आणि तिथे तुळस नसते. ती ओरडली, "अहो, उलटे काहून फिरून राहिले?" तू थांबलास. तिच्याकडे बघून हसलास. "बरोबर तं फिरून राहिलो," म्हणालास, आणि फेरी पूर्ण केलीस.

मग चपला. डावी उजव्या पायात, उजवी डाव्या पायात. अंगणातल्या धुळीत तुझे ठसे उमटत आणि वहिनी झाडू घेऊन ते पुसून काढी. बाहेर वळलेली ती पावलं बघून तिला काय आठवत असेल हे मला विचारावं लागलं नाही. लहानपणी आपण दोघांनी एकाच आजीकडून त्या गोष्टी ऐकल्या आहेत. पाय कोणाचे उलटे असतात हे आपल्यालाही माहीत होतं.

सर्वांत वाईट ती थाप होती. आपल्या घराचं दार ओसरीच्या डाव्या अंगाला आहे. तू कामावरून येऊन उजव्या अंगाला जायचास आणि कोऱ्या भिंतीवर थाप मारून उभा राहायचास. वहिनी आत पोळ्या करत असे, आणि भांड्यांच्या फळीमागून, जिथे दार नाही तिथून, कोणीतरी आत येऊ मागत असे. "मी आवाज नाही दिला," ती मला म्हणाली. "आवाज दिला असता अन् तिकडूनच आत आले असते तं?"

माझ्याकडे जवाहरनगरला तू शेवटचा आलास तो दिवसही मी विसरलेले नाही. आमची क्वार्टर्स जोडीजोडीने बांधलेली आहेत. मधली भिंत एक, आणि पलीकडचं घर म्हणजे आमच्याच घराचं आरशातलं रूप. आमचं स्वयंपाकघर डावीकडे, तर त्यांचं उजवीकडे. तू बसमधून उतरलास आणि सरळ शेजारच्या घरात शिरलास. शेजारीण धावत मला बोलवायला आली. मी गेले तेव्हा तू त्यांच्या पलंगावर पाय वर घेऊन बसला होतास, पाण्याचा पेला हातात. इतका निवांत मी तुला कित्येक दिवसांत पाहिला नव्हता. मला बघून म्हणालास, "कुंदे, आज पहिल्यांदा घरी आल्यासारखं वाटून राहिलं बघ."

शेजारीण हसली. मला हसता आलं नाही.

पुढे तू नळाजवळ पडलास. नागपूरच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरून डोक्यातली गाठ दाखवली. बरीच आधीपासून वाढत असणार म्हणाले. अशी गाठ असली की माणसाला डावं-उजवं कळेनासं होतं, बाकी तो माणूस तोच असतो. मी मान हलवली. मला शब्द मिळाला की माझी भीती कमी होते, ही माझी जुनी सवय. वहिनीने फिल्मकडे पाहिलंसुद्धा नाही. बाहेर आल्यावर म्हणाली, "डॉक्टर लोक सगळ्यालेच नाव देते."

दादा, आपला एक वाद अर्धा राहिला आहे.

तू बाबांचा हातमाग सोडून पंपाच्या वर्कशॉपात गेलास तेव्हा मी शाळेत होते. तू मला सायकलवर वाचनालयात न्यायचास. हाताला ग्रीस, म्हणून पुस्तकाला बोट लावायचा नाहीस. वाचनालयाच्या पायरीवर मी पुस्तक धरायची, तू वाचायचास, आणि मान हलवलीस की मी पान उलटायची. भुताखेतांच्या गोष्टी तुला फार आवडत. ग्रंथपाल आपल्याकडे चष्म्यावरून बघायचे. मी पुढे जे काही वाचलं, शिकवलं, ते त्या पायरीवर बसून सुरू झालं. हे तुला मी कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तू नक्की काहीतरी टोमणा मारला असतास.

वाद त्याच पायरीवरचा. मी म्हणायची, पुस्तकात लिहिणारा माणूस सापडतो. तू म्हणायचास, पंपातही सापडतो. "झाकन उघडलं का मले समजते, कोनाचा हात लागून गेला. मानूस आतच बसून राहते." मी म्हणायची, यंत्राचं काम म्हणजे काम, कोणीही नीट केलं तर सारखंच. तू मला 'मास्तरीणबाई' म्हणून हिणवायचास. एकदा मात्र तुझी चांगली जिरली. कुठल्याशा राइस मिलचा पंप उघडून तू आधीच्या मिस्त्रीचा उद्धार करत बसलास, असल्या हाताले पाना कोनी देल्ला म्हणून. तुझ्याबरोबर काम करणारा देवराम सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "वासुभाऊ, हा तुनंच खोलून भरला होता." तू पुन्हा पंपात डोकावलास, आणि मग इतका हसलास की तुला खाली बसावं लागलं. तो किस्सा मी तुझ्याविरुद्ध पुरावा म्हणून कायम वापरला. तू म्हणायचास, "एक चुकला म्हनून काय झालं?"

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी तोच देवराम घरी आला. चहाचा कप हातात धरून सांगू लागला. लाखांदूरकडच्या एका गावात नदीवर शेतकऱ्यांच्या संस्थेचा मोठा पंप आहे. तू पडण्याच्या आधी तोच उघडून, दुरुस्त करून पुन्हा भरला होतास, एकट्याने, देवराम दुसऱ्या कामावर असताना. तो पंप पाणी देत नव्हता. म्हणजे देत होता, पण अर्धंमुर्धं. मोटार तापत होती आणि आतून आवाज येत होता. उन्हाळी धान निसवायला आलं होतं, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात, आणि टोकाच्या शेतांतल्या बांध्यांना पाणी पोचत नव्हतं.

"आवाज कसा?" मी विचारलं.

देवराम स्वयंपाकघराच्या दाराकडे बघेना. "मानूस घसा खाकरते तसा. गावातले लोक म्हनतेत..."

"काय म्हनतेत?" वहिनी आतून म्हणाली.

"मिस्त्री आत बसला हाये म्हनतेत. मी उद्या खोलतो तो. तुमाले सांगून खोलावं म्हटलं."

वहिनी बाहेर आली. "मी येतो," ती म्हणाली. आपल्याकडच्या बायका असंच म्हणतात, पण त्या क्षणी मला ते तुझ्याच तोंडून आल्यासारखं वाटलं. "आत कोन बसलं हाये ते मले पाह्यचं हाये."

मी तिला एकटी जाऊ देणार नव्हते. सकाळच्या एसटीने आम्ही निघालो. वाटभर दोन्ही बाजूंना हिरवं धान होतं, आणि मला सारखं वाटत होतं की आम्ही तुला भेटायला चाललो आहोत आणि तू आम्हाला ओळखणार नाहीस.

पंपघर नदीच्या काठावर आहे. चार भिंती, वर पत्रा. बाहेर संस्थेचे लोक उभे होते, त्यांचे अध्यक्ष नानाजी पुढे. वहिनीला पाहून त्यांनी वाट करून दिली. आत पंपावर कोणीतरी शेंदूर लावून लिंबू ठेवलं होतं. देवरामने मोटार बंद करायला लावली. आवाज थांबला. आणि मग, वीज तोडलेली असताना, पंपाचा दांडा हळूहळू उलटा फिरू लागला. कोणी हात न लावता, दमलेल्या माणसासारखा, थांबत थांबत.

दारातली माणसं मागे सरली. वहिनी जागची हलली नाही.

"काही नाही भाभी," देवराम म्हणाला. "वरच्या पाइपातलं पानी खाली येऊन राहिलं. झडप नीट बसत नाही त्याची, म्हनून फिरते." खरंच तसं होतं. पाइप रिकामा झाला आणि दांडा थांबला. पण तेवढा वेळ आम्ही सगळे त्याच्याकडे बघत होतो, आणि वहिनीचा हात माझ्या मनगटावर होता, थंडगार.

मी तुझं काम कधी जवळून पाहिलं नव्हतं. तो पंप मधून आडवा चिरल्यासारखा, पेटीसारखा उघडतो, हे मला त्या दिवशी कळलं. बोल्ट निघाले, साखळीच्या पुलीवर वरचा लोखंडी अर्धा भाग उचलला गेला. बाजूला सारला तेव्हा आतून नदीचा ओला वास आला. मध्ये दांडा, आणि दांड्यावर तो पंखा. पाणी फेकणारं चाक, ज्याला तुम्ही सगळे नुसतं 'पंखा' म्हणता. आत कोणी बसलेलं नव्हतं. मला आधी हेच जाणवलं, आणि मग माझीच मला लाज वाटली.

देवराम वाकून बघत होता. त्याने खालच्या लोखंडावर ओतलेल्या, फिरण्याची दिशा दाखवणाऱ्या बाणाकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं, पुन्हा बाणाकडे. मग डोक्याचा दुपट्टा काढून तोंड पुसलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"पंखा उलटा बसला हाये."

त्याने मला बोटाने दाखवलं. पंख्याची पाती वाकडी असतात. बाणाच्या दिशेने चाक फिरताना ती मागे झुकलेली हवीत, वाऱ्यात धान झुकतं तशी. इथे ती पुढे तोंड करून होती. चाक बरोबर दिशेने फिरत होतं, पण पाती पाण्यावर आदळत होती. या जातीच्या पंख्याच्या दोन्ही बाजू सारख्याच दिसतात, त्यामुळे दांड्यावर चढवताना तो कसाही चढतो. कामावर नव्याने आलेले एकदा तरी इथे फसतातच. तू मात्र आयुष्यात कधी फसला नव्हतास. फसलेल्यांना तू वर्षभर चिडवायचास.

"वासुभाऊ अन् हे?" देवराम स्वतःशीच म्हणाला. "दुसऱ्या कोनी केलं असन."

वहिनीने ते ऐकलं. तिचा चेहरा कसा झाला हे मी लिहू शकत नाही. तिला जे वाटत होतं तेच तुझ्या जुन्या जोडीदाराने आपण होऊन म्हटलं होतं. दुसऱ्या कोणी केलं. ती पुढे झाली आणि लोखंडाच्या कडेला हात टेकून आत बघू लागली.

"ही दोरी कोनी भरली?" तिने विचारलं. दांडा बाहेर येतो तिथे पाणी झिरपू नये म्हणून विणलेल्या दोरीची कडी भरतात. देवरामने आकड्याने एक कडं ओढून काढलं. वहिनीने ते हातात घेऊन त्याची टोकं बघितली. तिरपी कापलेली. मग दुसरं काढायला लावलं, तिसरं काढायला लावलं. एकाचा जोड वर, दुसऱ्याचा खाली, तिसऱ्याचा बाजूला, म्हणजे पाण्याला सरळ वाट मिळत नाही.

"हे मी कापले," ती मला म्हणाली. "दुपारी, ओसरीवर. ते समोर बसून होते. एक सरळ कापला तं फेकून देल्ला माया अंगावर. मले राग आला होता." मग देवरामला विचारलं, "अन् हे मीच कापलेले, पन भरले कसे?"

देवराम खाली वाकला. आता तो वेगळ्या नजरेने बघत होता. "जोड तं बरोबर ठेवले. वासुभाऊ असेच ठेवे." पंख्याच्या दोन्ही बाजूंच्या धातूच्या कड्यांमध्ये त्याने पत्र्याची पातळ पट्टी घालून पाहिली. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. "फट चहूकडून सारखी." दोन अर्ध्यांमध्ये गळती थांबवायला घातलेला कागद त्याने उजेडात धरला. एका अखंड तुकड्यातून कापलेला, कुठे सांधा नाही.

वहिनीने पदराची दशी ओढून एक धागा काढला. मला आधी कळेना ती काय करते आहे. पण देवरामला कळलं, तो बाजूला झाला. बाबांच्या मागावरची ही गोष्ट तू पंपात नेली होतीस म्हणे. पंख्याची पाती घासून झाली की कोशाचा रेशमी धागा त्यांच्यावरून ओढायचास. कुठे अडकला, तर पुन्हा घासायचं. दुसरा कोणताही मिस्त्री हे करत नाही, आणि देवराम त्यावरून तुला कोष्टी म्हणून चिडवायचा. वहिनीने तो साधा सुती धागा एका पात्यावरून ओढला. तो अलगद सरकत गेला. दुसऱ्या पात्यावरून ओढला. पात्याच्या आतल्या बाजूला, जिथे बोटही नीट पोचत नाही आणि कोणी कधी बघणार नाही, तिथे तिने धाग्याचं टोक आत सारून ओढला. कुठेच अडकला नाही.

सगळं तुझंच होतं, दादा. जसं व्हायला हवं तसं, एकेक इंच. फक्त आरशातलं होतं.

तुझ्या त्या दिवसांत मला शिरता आलं ते तेव्हा. डॉक्टरच्या फिल्मने नाही झालं ते. तू कुठेही गेला नव्हतास. तू इथेच बसून, उलट्या झालेल्या जगात, तुला जमेल तितक्या काळजीने पाती घासत होतास. तुळशीला फेऱ्या घालणाराही तूच. त्या कोऱ्या भिंतीपलीकडून थाप मारणाराही तूच होतास, आणि तुला तुझ्याच घरात यायचं होतं. कोणी काही सांगितलं की तू हसायचास, कारण तुला सगळं बरोबरच दिसत होतं. आणि कधी कधी, एकटा असताना, तुला बरोबर दिसत नसेल तेव्हा तू काय करत असशील, हा विचार मी त्या पंपघरात पहिल्यांदा केला. अजून करते आहे.

आपला वादही तिथेच पडला आहे. तू म्हणालास तसा माणूस आत सापडला, हे मी मान्य करते. पण तो सापडला तो वहिनीला आणि देवरामला. मला एकटीला त्या लोखंडात काहीच वाचता आलं नसतं. म्हणजे कोणाचं खरं, हे तू असतास तर ठरवू दिलं नसतंस.

बाहेर नानाजी आणि बाकीचे वाट बघत होते. देवराम वहिनीजवळ सरकला आणि आवाज खाली करून म्हणाला, "भाभी, गोटा अडकला होता म्हनून सांगतो या लोकायले. पंखा मी आजच फिरवून देतो. वासुभाऊचं नाव काहून खराब करा?"

त्याचा हेतू चांगला होता. तिच्या जागी मी असते तर हो म्हटलं असतं. वहिनीने ग्रीसचे हात पदराला पुसले, तसले डाग तुझ्या सदऱ्यांवरून काढण्यात तिचं आयुष्य गेलं, आणि ती दारात जाऊन उभी राहिली.

"पंखा उलटा बसला होता," ती नानाजींना म्हणाली. "आमच्या यायच्याच हातानं बसला."

नानाजींनी टोपी काढली. म्हातारा माणूस, तुला कित्येक वर्षं ओळखणारा. "असं नका म्हनू, बाई. वासुमिस्त्रीच्या हातून होनारच नाही ते. दुसऱ्या कोनी हात लावला असन."

"दुसऱ्या कोनी नाही लावला."

"बाई, मी पाह्यलं हाये त्याचं काम. वासुमिस्त्री चुकत नसे."

"चुकले!" वहिनी म्हणाली. "मी सांगून राहिली ना, चुकले ते! डोक्यात गाठ होती, डावं-उजवं समजत नव्हतं. तरी एकट्यानं भरला सगळा. आत येऊन पाहा तुमी, कसा घासला हाये ते पाहा. मायाच नवऱ्यानं बसवला तो. उलटा बसवला, पन त्यायनंच बसवला!"

नानाजी मान हलवत राहिले, तुझ्यावरच्या विश्वासाने, आणि ती त्यांच्याशी भांडत राहिली. ती चूक तुझीच आहे हे मान्य करा म्हणून, नदीकाठच्या भर उन्हात, सगळ्या गावासमोर. आणि भांडता भांडता तिचा आवाज फुटला, आणि ती तिथेच उंबऱ्यावर बसून तुझ्यासाठी रडू लागली.